जुन्या ध्वनिशोषक छत-टाइलचे कॅटलॉग कसे शोधावेत आणि कसे वाचावेत

महाराष्ट्रात वास्तुशास्त्र शिकून इमारत-जतनाच्या पुढील शिक्षणासाठी किंवा कामासाठी अमेरिकेत येणाऱ्यांचे लक्ष सुरुवातीला विटा, दगड, खिडक्या आणि कोरीवकामाकडे असते. पण इथल्या १९२० ते १९७० या काळातील शाळा, रुग्णालये, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांचे काम हाती आले, की फार काळ छताकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्या छताला लावलेल्या छिद्रांच्या किंवा भेगाळ पृष्ठभागाच्या चौकोनी टाइल्स कोणी बनवल्या, कशापासून बनवल्या, त्या किती आवाज शोषत होत्या आणि आज त्यांना हात लावणे सुरक्षित आहे का, या प्रश्नांची उत्तरे इमारतीच्या नकाशांत क्वचितच सापडतात. ती सापडतात उत्पादकांनी वास्तुविशारदांसाठी छापलेल्या कॅटलॉगांत.

हे कॅटलॉग माल खपवण्यासाठी छापलेले आहेत, आणि तरीही पुष्कळ टाइल्सच्या बाबतीत दुसरा लेखी पुरावा उरलेलाच नाही. म्हणून ते टाकूनही चालत नाही आणि जसेच्या तसे खरे मानूनही चालत नाही. हे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याचा वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याची रीत क्रमाने मांडत आहे.

हाताशी काय असावे

- इंच आणि मिलिमीटर दोन्ही दाखवणारी मोजपट्टी आणि जाडी मोजण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर
- चांगली विजेरी, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक लहान लोहचुंबक
- फोटोत टाइलशेजारी धरण्यासाठी इंचांच्या खुणा असलेली पट्टी
- इमारतीचे मूळ नकाशे, विनिर्देश, ठेकेदाराची बिले आणि दुरुस्तीच्या नोंदी यांपैकी जे मिळेल ते
- इमारतीच्या ॲस्बेस्टॉस (श्वासावाटे फुफ्फुसांत गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू) तपासणीचा अहवाल
- इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयावरील मोफत खाते

१. टाइलला हात लावण्यापूर्वी ॲस्बेस्टॉसची चौकशी करा

ही पायरी पहिलीच आहे आणि ती ओलांडून पुढे जाऊ नये. त्या काळातील काही छत-टाइल्समध्ये आणि त्या चिकटवण्याच्या काळपट लेपामध्ये ॲस्बेस्टॉस वापरलेले असे. जॉन्स-मॅनव्हिल कंपनीचे 'ट्रान्साइट' नावाचे छिद्रांचे फलक तर ॲस्बेस्टॉस-सिमेंटचेच होते, आणि ते आगीत जळत नाहीत, ओलीने कुजत नाहीत हा त्यांचा गुण म्हणून कॅटलॉगात अभिमानाने सांगितलेला असे. टाइल पाहून ती निर्धोक आहे की नाही हे कोणालाही सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणीच लागते, आणि नमुनाही मान्यताप्राप्त निरीक्षकानेच काढावा.

इमारत शाळेची असेल तर एक सोय आहे. अमेरिकेत १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार शाळांना ॲस्बेस्टॉसची तपासणी करून व्यवस्थापन आराखडा ठेवावा लागतो आणि तो मागणाऱ्याला पाहू द्यावा लागतो. त्या आराखड्यात छताच्या टाइल्सची खोलीवार नोंद असू शकते. म्हणून शिडी मागण्याआधी हा आराखडा मागा. कॅटलॉगात ॲस्बेस्टॉसचा उल्लेख नाही, एवढ्यावरून टाइलमध्ये ते नाही असा निष्कर्ष कधीही काढू नका; उत्पादकाने घटकांची पूर्ण यादी छापलेली नसते.

२. आधी टाइल नीट वाचा, मग कॅटलॉग शोधा

नवखे लोक आधी शेकडो कॅटलॉग चाळतात आणि मग आपली टाइल कुठे दिसते का ते पाहतात. हा क्रम उलटा करा. टाइलची लांबी-रुंदी, जाडी, कडेचा आकार, छिद्रांची मांडणी आणि ती छताला कशी धरली आहे, या पाच गोष्टी लिहून काढल्या की शोध फार आटोक्यात येतो. यांतील बहुतेक गोष्टी तपासणीत सुटून आलेल्या किंवा भांडारात पडून असलेल्या, निर्धोक ठरलेल्या टाइलवर पाहता येतात.

छिद्रे सरळ रांगांत असतील तर ती मोजा. बारा इंची चौरस टाइलवर एका बाजूला २१ छिद्रे असतील तर एकूण ४४१ भरतात, २२ असतील तर ४८४. आर्मस्ट्राँग कॉर्क कंपनीच्या 'कुशनटोन' या लाकडी तंतूंच्या टाइलच्या जाहिरातींत ४८४ हा आकडा ठळकपणे छापलेला असे, त्यामुळे एका छिद्राचा फरकही उपयोगी पडतो. एवढ्यावर ओळख पक्की होत नाही, कारण छिद्रांची मांडणी कंपन्या एकमेकींची उचलत. पण संशयितांची यादी मात्र लहान होते. छिद्राचा व्यास आणि ते टाइलच्या आरपार आहे की अर्ध्यातच थांबते, हेही पाहा.

मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा अधिक बोलकी असते. तिथे कधी ब्रँडचे नाव, कधी पेटंटचा क्रमांक, कधी नुसता बाण छापलेला असतो. पेटंट क्रमांक मिळाला तर तो गूगल पेटंट्सवर टाकून पेटंट मिळाल्याची तारीख काढा. टाइल त्या तारखेनंतरची आहे एवढे तरी निश्चित होते. चार कोपऱ्यांजवळ लिंबाएवढ्या वाळलेल्या लेपाच्या खुणा असतील तर टाइल प्लास्टरला चिकटवलेली होती. कडेला जीभ-खाच असेल आणि कडेच्या पट्टीत स्टेपलच्या पिना असतील तर ती लाकडी पट्ट्यांवर ठोकलेली होती. ही खूण जपून नोंदवा, कारण सहाव्या पायरीत आवाजाचा सगळा हिशेब तिच्यावर अवलंबून आहे.

टाइलला चुंबक चिकटला तर पुढची बाजू पोलादी पत्र्याची आहे. छिद्रांचा पत्र्याचा तबकडीसारखा भाग आणि त्याच्या आत खनिज लोकरीची (वितळवलेल्या दगडाच्या किंवा धातुमळीच्या बारीक तंतूंची) गादी, अशी रचना जॉन्स-मॅनव्हिलच्या 'सॅनाकूस्टिक' आणि आर्मस्ट्राँगच्या 'अरेस्टोन' या मालात असे. तिच्यात पत्रा आवाज शोषत नाही, मागची गादी शोषते. पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत गाद्या काढून टाकलेल्या असतील तर छत दिसायला तसेच राहते आणि खोली मात्र घुमू लागते.

३. कंपन्या आणि त्यांच्या मालाची नावे ओळखीची करून घ्या

नावे पाठ करण्याची गरज नाही, पण कोणते नाव कोणत्या पदार्थाशी जोडलेले आहे हे ठाऊक हवे. शिकागोच्या युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीची 'अकूस्टोन' ही खनिज तंतूंची, भेगाळ दगडासारखी दिसणारी टाइल. आर्मस्ट्राँगची 'ट्रॅव्हरटोन' तशाच घडणीची, आणि त्याच कंपनीची 'कॉर्कूस्टिक' बुचाची. बफलोच्या नॅशनल जिप्समचा माल 'गोल्ड बाँड' या नावाखाली येई.

या सर्वांत महाराष्ट्राच्या वाचकाला जवळची वाटेल ती 'अकूस्टि-सेलोटेक्स'. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या आवारात ज्या बगॅसचे ढीग दिसतात, त्याच उसाच्या चोथ्याचे तंतू दाबून सेलोटेक्स कंपनीने लुईझियाना राज्यातील मरेरो येथे १९२० च्या दशकात फलक बनवायला घेतले आणि त्यांना छिद्रे पाडून ध्वनिशोषक टाइल म्हणून विकले. तुटलेल्या कडेवर भिंग धरले तर लांबट, पिवळसर तपकिरी तंतू स्पष्ट दिसतात, आणि खनिज लोकरीच्या राखाडी, ठिसूळ घडणीपासून ते सहज वेगळे ओळखू येतात. छिद्रांमुळे या टाइलला रंग देता येतो आणि तिचे शोषण टिकते, हा तिच्या विक्रीतला मोठा मुद्दा होता आणि तो बऱ्याच अंशी खराही होता. भेगाळ किंवा सच्छिद्र टाइलवर मात्र रंगाचे थर चढत गेले की बारीक रंध्रे बुजतात आणि शोषण घटते. म्हणून आज छतावर जी टाइल आहे ती कॅटलॉगातला आकडा अजून पाळत असेल असे गृहीत धरू नका. रंगाचे थर मोजा.

४. शोध कुठून सुरू करावा

सर्वांत आधी इंटरनेट आर्काइव्हवरील 'बिल्डिंग टेक्नॉलॉजी हेरिटेज लायब्ररी' हा संग्रह पाहा. असोसिएशन फॉर प्रिझर्व्हेशन टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल या संस्थेने तो उभा केला असून त्यात बांधकाम साहित्याचे हजारो जुने कॅटलॉग मोफत वाचता आणि उतरवून घेता येतात. त्यातील बहुतेक छापील साहित्य १९६४ पूर्वीचे आहे.

शोधशब्द रोमन लिपीत टाकावे लागतील हे उघड आहे, पण 'अकूस्टिकल टाइल' एवढाच शब्द टाकून थांबू नका. सेलोटेक्स आपल्या मालाला 'साउंड कंडिशनिंग' म्हणे. इतरांच्या पुस्तिकांवर 'साउंड कंट्रोल', 'नॉइज' किंवा 'क्वाएट' एवढेच शब्द असतात. जोडनावातील आडवी रेघ ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे शोधा. स्कॅनमधील मजकूर यंत्राने वाचलेला असल्यामुळे सजवलेल्या अक्षरांतली शीर्षके हमखास चुकीची नोंदली जातात. मुखपृष्ठावरचे नाव सापडले नाही तर आतल्या कोष्टकात नक्की येणारे शब्द टाकून पाहा.

त्यानंतर 'स्वीट्स कॅटलॉग'. १९०६ पासून निघणाऱ्या या जाडजूड वार्षिक खंडांत अनेक उत्पादकांच्या पुस्तिका विषयवार एकत्र बांधलेल्या असत आणि वास्तुविशारदांच्या कचेरीत ते हाताशी असत. आपल्या दृष्टीने त्यांचे मोल असे, की खंडावर वर्ष छापलेले असते. सुट्या, बिनतारखेच्या पुस्तिकेतला मजकूर आणि चित्रे एखाद्या वर्षाच्या स्वीट्समधील पानांशी जुळली की तारखेचा प्रश्न बराचसा सुटतो.

ऑनलाइन न मिळणाऱ्या गोष्टींसाठी डेलावेअरमधील हॅगली म्युझियम अँड लायब्ररी, न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाचे एव्हरी ग्रंथालय, वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनची ग्रंथालये आणि माँट्रिऑलमधील कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चर येथे व्यापारी कॅटलॉगांचे मोठे संग्रह आहेत. जाण्याआधी ग्रंथपालांना कंपनीचे नाव, मालाचे नाव आणि अंदाजे दशक कळवा. 'ध्वनिशोषक टाइलवर जे असेल ते' अशी मोघम विनंती केली तर उत्तरही मोघमच येते.

५. तारीख ठरवा

पुष्कळ कॅटलॉगांवर वर्ष नसते, पण खुणा असतात. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छपाईचा संकेत पाहा. आकडा, एम हे अक्षर आणि पुढे महिना-वर्ष असा तो असला तर किती हजार प्रती कधी छापल्या ते कळते. पत्त्यात शहराच्या नावापुढे एक किंवा दोन अंकी टपाल विभाग असेल तर छपाई १९४३ नंतरची, आणि पाच अंकी झिप कोड असेल तर १९६३ नंतरची. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात 'ए.आय.ए. फाइल नंबर ३९-बी' असे दिसले तर तो अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या जुन्या वर्गीकरणातला ध्वनिशोषक साहित्याचा क्रमांक आहे, आणि पुस्तिका ते वर्गीकरण चालू असतानाच्या काळातली आहे.

माल कसा बसवायचा सांगितला आहे, हीही एक खूण आहे. बारा इंची टाइल चिकटवण्याची किंवा ठोकण्याची चित्रे जुन्या पुस्तिकांत असतात. धातूच्या उघड्या जाळीत दोन बाय चार फुटांचे फलक नुसते वरून ठेवायचे, आणि हवे तेव्हा उचलून वरच्या नळ्या-तारांपर्यंत पोहोचायचे, ही पद्धत नंतरची आहे. अशा टांगत्या छताचे ओहायोतील डोनाल्ड ब्राउन यांचे पेटंट १९६१ मध्ये मंजूर झाले. आज मुंबई-पुण्याचे ठेकेदार ज्याला सरसकट 'आर्मस्ट्राँग सीलिंग' म्हणतात, ते याच वळणाचे.

इथे एक सापळा आहे. कॅटलॉगाची तारीख म्हणजे तुमच्या छताची तारीख नव्हे. तोच माल वर्षानुवर्षे विकला जाई, आणि इमारत १९२८ ची असली तरी छत १९५० च्या नूतनीकरणातले असू शकते. टाइलच्या वर मूळ प्लास्टर रंगवलेले आणि काजळलेले दिसले, तर टाइल नंतर आली हे समजावे.

६. शोषणाचे कोष्टक वाचायला शिका

कॅटलॉगाचे खरे मोल या एका पानात असते. त्यामागचे शास्त्र हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांचे. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानकक्षात बोललेले कळत नाही ही तक्रार त्यांच्याकडे आली आणि त्यातून निनादकालाचे, म्हणजे आवाज थांबल्यावर तो खोलीत किती वेळ घुमत राहतो याचे, सूत्र निघाले. खोलीचे घनफळ घनफुटांत घ्यायचे, त्याला ०.०५ ने गुणायचे आणि एकूण शोषणाने भागायचे. उत्तर सेकंदांत येते. प्रत्येक पृष्ठभागाचे शोषण म्हणजे त्याचे चौरस फुटांतले क्षेत्रफळ गुणिले त्याचा गुणांक, म्हणजे पडलेल्या आवाजाचा किती हिस्सा तो शोषतो ते सांगणारा आकडा.

हिशेब करून पाहू. समजा वर्ग २४ फूट रुंद, ३० फूट लांब आणि १२ फूट उंच आहे. घनफळ ८,६४० घनफूट, छत ७२० चौरस फूट. भिंती, फरशी आणि बाके मिळून शोषण १०० धरू. छत साध्या प्लास्टरचे, गुणांक ०.०३ असेल तर त्याचे शोषण सुमारे २२; एकूण १२२ आणि निनादकाल साडेतीन सेकंद. त्याच छताला ०.७० गुणांकाची टाइल लावली तर छताचे शोषण ५०४, एकूण ६०४ आणि निनादकाल सुमारे ०.७ सेकंद. शिक्षकाचे एक वाक्य दुसऱ्यावर चढत होते ते आता वेगळे ऐकू येते. या टाइल्स इतक्या झपाट्याने का पसरल्या, ते या दोन आकड्यांतून कळते.

आता सावधगिरी. कोष्टकात प्रत्येक टाइलपुढे सहा कंपनसंख्यांचे (ध्वनीची दर सेकंदाला होणारी कंपने; संख्या लहान तितका सूर खालचा) गुणांक असतात. जुन्या कोष्टकांत त्या १२८, २५६, ५१२, १०२४, २०४८ आणि ४०९६ अशा असतात. पुढच्या काळातील कोष्टकांत १२५, २५०, ५०० अशा. ही तारीख ठरवण्याचीही एक खूण झाली. शेवटच्या रकान्यात असलेला आवाज-घट गुणांक म्हणजे मधल्या चार कंपनसंख्यांची सरासरी, ०.०५ च्या पटीत पूर्णांकित केलेली. विक्रेते हाच एक आकडा मोठ्या टायपात छापत. तो बोलण्याच्या खोल्यांसाठी कामचलाऊ आहे, पण खालच्या सुरांबद्दल काहीच सांगत नाही, कारण १२८ चा रकाना त्या सरासरीत धरलेलाच नसतो. संगीताचे सभागृह असेल तर सहाही रकाने उतरवून घ्या.

याहून मोठा सापळा 'माउंटिंग' या रकान्यात आहे. अकूस्टिकल मटेरियल्स असोसिएशन या उत्पादकांच्या संघटनेने बसवण्याच्या पद्धतींना क्रमांक दिले होते: क्रमांक १ म्हणजे चिकटवलेली टाइल, २ म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ठोकलेली, ७ म्हणजे धातूच्या सांगाड्यावर बसवलेली. तीच टाइल, तीच जाडी. पण मागे हवेची पोकळी आली की खालच्या कंपनसंख्यांचे शोषण लक्षणीय वाढते. कॅटलॉगात ठळक आकडा सांगाड्यावरच्या मापाचा असेल आणि तुमच्या छतावर टाइल प्लास्टरला चिकटवलेली असेल, तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही. दुसऱ्या पायरीत लेपाच्या खुणा नोंदवायला सांगितल्या त्या यासाठी. आजच्या चाचणी-अहवालांत 'ई-४००' अशी जी खूण दिसते ती मागे ४०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १६ इंच, पोकळी ठेवून घेतलेल्या मापाची असते. तिची तुलना क्रमांक १ च्या जुन्या मापाशी करू नका. नवी पर्यायी टाइल निवडताना बहुतेक चुका इथेच होतात.

माप कोणी घेतले, तेही पाहा. इलिनॉयमधील जिनीव्हा गावाची रिव्हरबँक प्रयोगशाळा सॅबाइन यांच्यासाठीच बांधली गेली होती, पण १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तिचे काम त्यांचे नातेवाईक पॉल सॅबाइन यांनी पुढे चालवले. एखाद्या पुस्तिकेत प्रयोगशाळेचे नाव, जाडी आणि माउंटिंग हे तिन्ही दिलेले असतील तर त्या आकड्यावर मी बराच विश्वास ठेवतो. 'नव्वद टक्के गोंगाट शोषते' असे नुसते वाक्य असेल तर ते जाहिरात म्हणून वाचा आणि अहवालात घेऊ नका.

आगीबद्दलच्या शब्दांनाही हीच कसोटी लावा. लाकूड किंवा उसाच्या तंतूंची टाइल जळते. तिच्यावर ज्वालारोधक रंग दिल्याचा उल्लेख असला तरी मूळ पदार्थ बदलत नाही. जुनी शब्दयोजना आजच्या अग्निसुरक्षा नियमांत बसत नाही, म्हणून तो निर्णय स्थानिक अधिकाऱ्यांकडून आणि आजच्या चाचणीवरूनच घ्यावा.

७. कॅटलॉग विकत घेताना आणि स्कॅन करताना

ईबेवर असे कॅटलॉग नियमित येतात. मासिकातून कापलेले एक पान 'कॅटलॉग' म्हणून विकले जाते, तेव्हा पानांची संख्या आणि कोष्टकाच्या पानाचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. कंपनीचे विक्रेते पूर्वी नमुने दाखवायला नेत त्या पेट्यांत टाइलचे खरे तुकडे डकवलेले असतात. त्यांना पहिल्या पायरीचा नियम तसाच लागू आहे, त्यामुळे अशी पेटी टपालाने मागवण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. स्कॅन रंगीतच करा, कारण टाइलच्या छटांची पाने काळ्या-पांढऱ्यात निरुपयोगी होतात. गंजलेल्या पिना ओढून काढू नका, पाने पूर्ण सपाट होत नसतील तर वरून फोटो घ्या, आणि मुखपृष्ठ, मलपृष्ठ व कोरी पानेही सोडू नका. छपाईचा संकेत नेमका तिथेच असतो.

प्रकाशनाला ९५ वर्षे उलटून गेलेले अमेरिकी साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त असते. १९६४ पूर्वी प्रकाशित झालेल्या साहित्याचा हक्क अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकृत करावा लागे. तो केला गेला होता का, हे नोंदींत तपासूनच तुमचा स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर ठेवा, आणि शीर्षकात कंपनी, मालाचे नाव व वर्ष लिहा. वर्ष अनुमानाने ठरवले असेल तर तसे स्पष्ट नमूद करा.

८. अहवालात नोंद कशी करावी

प्रत्येक खोलीसाठी पाहिलेले आणि अनुमानाने ठरवलेले वेगळे लिहा. 'टाइल बारा इंची, पाऊण इंच जाड, ४८४ छिद्रे, लेपाने चिकटवलेली, रंगाचे तीन थर' हे पाहिलेले. 'अमुक वर्षाच्या स्वीट्समधील अमुक कंपनीच्या मालाशी जुळते' हे अनुमान. त्याखाली कॅटलॉगाचे नाव, पान, जाडी, माउंटिंग क्रमांक आणि सहा गुणांक उतरवून कोष्टकाच्या पानाची प्रत जोडा. शक्य असेल तर खोलीत आज प्रत्यक्ष निनादकाल मोजून तो शेजारी लिहा. कॅटलॉगावरून केलेला हिशेब आणि आजचे माप यांत मोठी तफावत दिसली, तर टाइल बदलण्याची शिफारस करण्याआधी रंगाचे थर, काढून टाकलेल्या गाद्या आणि मधल्या काळात लावलेल्या वेगळ्या टाइल्स या तीन कारणांची तपासणी त्याच क्रमाने करा.